बुशच टाकलाय, बेरिंग नाही

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र औषधांच्या डब्याखाली ठेवतेय, म्हणजे आल्या आल्या मिळेल. बाबा, आधी वाचा, मग शेडकडे जा. डोळ्याला त्रास होत असेल तर आईकडून वाचून घ्या. आई, मधलं काही गाळायचं नाही.

तुम्ही मोतीबिंदूसाठी दादाकडे गेलात तेवढ्यात मी जीपचा गिअरबॉक्स उतरवला. न विचारता. विचारलं असतं तर बाबा, तुम्ही "मी आल्यावर बघू" म्हणाला असतात आणि त्या धुडाखाली स्वतःच जाऊन निजला असतात. पाटणचा आपला नेहमीचा मिस्त्री होता मदतीला, एकटीने नाही केलं. आई, उगाच काळजी करू नकोस.

गणपतीत पहिला गिअर करकरला तेव्हा मी सगळ्यांसमोर बोलून गेले, "बाबा, तुमचा पाय आता क्लचला पुरत नाही." दादाने लगेच जीपच्या गिऱ्हाइकाचा विषय काढला. तुम्ही काहीच बोलला नाहीत, गुडघा चोळत ओटीवर जाऊन बसलात. ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

बाबा, पाय पुरत होता. इंजिनच्या क्रँकच्या मागच्या टोकातला पायलट बुश (आई, गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या क्लच शाफ्टचं टोक ज्यात फिरतं ती मऊ धातूची छोटी नळी) कोरडा पडून शाफ्टचं टोक धरून बसत होता. तुम्ही पेडल तळापर्यंत दाबत होता, क्लच सुटतही होता, पण शाफ्ट काही थांबत नव्हता. दुसऱ्या-तिसऱ्याला दातांचा वेग जुळवणारा सिंक्रो आहे म्हणून तिथे निभावून जायचं. पहिल्याला आणि रिव्हर्सला तो नाही, तिथे दात ओरडायचे. हे मला ऐकूनच कळायला हवं होतं. कारखान्यात दिवसभर हेच तर करते.

आता तुमचं म्हणणं. गिअरबॉक्स कधी उतरलाच तर बुशाच्या जागी सुयांचं बेरिंग टाकायचं, पुन्हा बघायला नको, असं तुम्ही सांगून ठेवलं होतं. मी ते विसरले नाही. बेरिंग आणलंही होतं, कपाटात वरच्या खणात आहे, परत करायचं का तुम्ही ठरवा. ते हलकं फिरतं, कबूल. पण त्याच्या सुया थेट शाफ्टच्या टोकावर पळतात, त्यांना टोक कडक आणि आरशासारखं लागतं. आपल्या टोकावर कोरड्या बुशाने बारीक ओरखडे काढलेत. एमरीने पुसले, मायक्रोमीटर लावला, बुशासाठी चालेल इतकं ठीक आहे; सुयांसाठी मला धीर झाला नाही. उद्या सुया फुटल्या तर टोकच कुरतडून टाकतील, आणि आपल्या सीजे-थ्रीबी जीपचा शाफ्ट शोधत तुम्ही भंगारवाल्यांकडे हिंडाल. मला माहितीये, हिंडाल. बुश मऊ, तो स्वतः झिजतो आणि शाफ्टला वाचवतो. शिवाय पेडल सोडलं की क्रँक आणि शाफ्ट एकत्रच फिरतात, बुशाला काम पडतं ते फक्त पेडल दाबलेलं असताना. आठवड्यातून दोनदा बाजार, एखादवेळी चिपळूण. एवढ्याला बेरिंग कशाला?

जुना बुश निघता निघेना. आधी दाबाने बुश मागून सुटावा म्हणून भोकात ग्रीस भरून मापाची सळई ठोकली, तर सगळं ग्रीस माझ्या तोंडावर. मग शिळा पेपर भिजवून ठेचून भरला आणि ठोकला. आठ-दहा घावांत बुश बाहेर! त्या क्षणी वाटलं, तुम्ही मागून म्हणाल, "शाब्बास, अर्धा इंच." त्या मापाचा पाना मागितला की मी धावत आणायचे म्हणून पडलेलं नाव. हेळवाकच्या त्या रात्री बॅटरी धरून मी उभ्या उभ्या झोपले होते आणि तरी उजेड हलला नाही, हे तुम्ही अजून पाहुण्यांना सांगता.

आई, तुझ्या सीटचा फोम बदललाय आणि चढायला खाली एक पायरी वेल्ड करून घेतलीय. हुडाची फाटकी बाजू शिवली, आता चिपळूणला जाताना कानाला वारा लागणार नाही. पाण्याच्या बाटलीला कडी केलीय. आणखी काही हवं असेल तर सांग, पुढच्या वेळी करते.

आता ऐका. बाजाराच्या गर्दीत क्लच दाबून थांबायचं नाही, न्यूट्रल करायचं आणि पाय काढायचा. त्याने बुशही टिकेल आणि गुडघाही. डॉक्टर हो म्हणेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही. पुढेसुद्धा अंधार पडल्यावर कुंभार्ली घाट नको. बीपीची गोळी सकाळची सकाळीच, "जेवल्यावर घेतो" चालणार नाही. ड्रॉप घालताना आईवर ओरडायचं नाही. रागावू नका, मी लांब आहे म्हणून बोलते.

गिऱ्हाइकाचं दादाशी बोलले. तो विषय संपला.

तुमची,
अर्धा इंच

ता. क. आई, लोणच्याची स्टीलची वाटी मीच घेतली होती. नवा बुश रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायचा असतो, त्याच्या बारीक छिद्रांत तेल मुरतं. ग्रीस लावलं तर ती बुजतात. वाटी तीनदा घासलीय. तरी लोणच्याला नको घेऊस.