रंगावर न जाता आयन ओळखण्याविषयी

नौपाडा, ठाणे
दि. ८ डिसेंबर

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. बारावीच्या प्रात्यक्षिकात क्षारातले धन आयन (धन प्रभार असलेले घटक) ओळखताना लेकीचा गोंधळ उडतो आणि ते ज्या गटांनी वेगळे करायचे त्यांचा क्रम तिला निव्वळ पाठांतर वाटतो, असे तू लिहितोस. क्रमामागचे कारण एकदा कळले की पाठ करण्याजोगे फार थोडे उरते, असा माझा अनुभव आहे. म्हणून त्याविषयीच सविस्तर लिहितो.

द्रावणाचा रंग पाहून तिने निर्णय देऊ नये. हिरवे द्रावण दिसताच ‘निकेल’ लिहून मोकळी होणारी मुले मी दरवर्षी पाहतो; परंतु क्रोमिअमचे द्रावणही हिरवे असू शकते, फेरसचे (दोन धन प्रभारांच्या लोहाचे) फिकट हिरवे असते आणि तांब्याचा क्षार संहत हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवला तर तोही हिरवटच दिसतो. रंगहीन द्रावणात तर शिसे, जस्त, ॲल्युमिनिअम आणि बेरिअम यांत डोळ्यांना काहीच फरक करता येत नाही.

आता क्रम. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घातल्यावर शिसे, चांदी आणि मर्क्युरस (पाऱ्याचा एक आयन) यांची क्लोराइडे पांढऱ्या अवक्षेपाच्या, म्हणजे न विरघळणाऱ्या गाळाच्या, रूपाने खाली बसतात. तो पहिला गट. त्यानंतर त्याच आम्लयुक्त द्रावणातून हायड्रोजन सल्फाइड वायू सोडायचा; तो दुसरा गट. आम्लामुळे सल्फाइड आयनांचे प्रमाण इतके खाली दाबले जाते की तांबे, कॅडमिअम, बिस्मथ अशांची अतिशय अविद्राव्य सल्फाइडेच अवक्षेपित होतात, आणि जस्त, मँगनीज, कोबाल्ट, निकेल हे द्रावणातच राहतात. पुढे अमोनिआ घालून द्रावण आम्लारिधर्मी केले की तोच वायू या चौघांनाही खाली आणतो; तो चौथा गट. दुसरा आणि चौथा गट यांतला भेद वायूचा नसून आम्लाचा आहे, एवढे तिला उमगले तरी अर्धे काम झाले.

मधल्या तिसऱ्या गटात मुले घाई करतात. तेथे हायड्रोजन सल्फाइड उकळून घालवावा लागतो आणि संहत नायट्रिक आम्लाचे थेंब घालून पुन्हा उकळावे लागते, कारण त्या वायूने फेरिकचे (तीन धन प्रभारांच्या लोहाचे) फेरस केलेले असते व फेरस या गटात पूर्णपणे अवक्षेपित होत नाही. अमोनिअम हायड्रॉक्साइडच्या आधी अमोनिअम क्लोराइड घालण्यालाही असाच अर्थ आहे: हायड्रॉक्साइड आयन कमी राहिले तरच लोह, ॲल्युमिनिअम आणि क्रोमिअम तेवढे खाली बसतात, मॅग्नेशिअम व मँगनीज बसत नाहीत.

मिश्रण असेल तर प्रत्येक गट पूर्ण अवक्षेपित झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या गाडीतले ऐरोलीचे प्रवासी ऐरोलीला उतरले नाहीत, तर तुर्भ्याला उतरताना त्यांना कोणीही तुर्भेकरच समजेल. शिसे तर या बाबतीत मुळातच लबाड आहे. त्याचे क्लोराइड पाण्यात थोडे विरघळत असल्याने ते पहिल्या गटातून निसटून दुसऱ्यात काळ्या सल्फाइडच्या रूपाने पुन्हा भेटते. मात्र त्याच्या निश्चितीची चाचणी मला सर्वांत देखणी वाटते: पांढरा अवक्षेप गरम पाण्यात विरघळवून पोटॅशिअम आयोडाइड घालावे, मिळालेला पिवळा अवक्षेप उकळत्या पाण्यात विरघळवावा आणि नळी सावकाश थंड होऊ द्यावी, म्हणजे सोनेरी पत्र्या चमकत खाली येतात. निकेलसाठी डायमिथिलग्लायॉक्झाइम या सेंद्रिय अभिकारकाने मिळणारा लाल अवक्षेप आहेच. ती चाचणी चुगायेव्ह या रशियन रसायनशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये दिली. गटवार पृथक्करणाची घडी त्याहून बरीच जुनी असून जर्मनीच्या फ्रेझेनिउस यांनी १८४१ च्या आपल्या पुस्तकात ती पद्धतशीर मांडली.

अमोनिअमची परीक्षा मात्र मूळ क्षारावर, सर्वांत आधी घ्यावी. पुढे आपणच अमोनिअमचे क्षार ओतत जातो, त्यामुळे शेवटी शोधले तर ते प्रत्येक वेळी सापडणारच. ज्योत परीक्षणात सोडिअमचा पिवळा रंग पोटॅशिअमचा जांभळट रंग झाकून टाकतो, म्हणून निळी कोबाल्ट काच डोळ्यांपुढे धरायला तिला सांग.

तिने पुढच्या प्रात्यक्षिकातली सर्व निरीक्षणे, काहीच न घडलेल्या चाचण्यांसह, मला लिहून पाठवावीत, आयनाचे नाव मात्र लिहू नये. ते मी ओळखून उलट टपाली कळवीन. वहिनींना नमस्कार.

तुझा,
ठाणेकर मित्र