दीड पानाचा चित्रकार

सातारा, रविवार रात्र

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, मी नोकरी सोडतेय, आता फक्त चित्रं काढणार." त्यावर मी विचारलं, "बरं. जेवलीस का?" तेव्हापासून तुझी आई माझ्याशी नीट बोलत नाहीये. मला फोनवर सुचत नाही गं. म्हणून हे पत्र.

तू इथे टाकून गेलेलं इम्प्रेशनिस्ट चित्रकारांचं (म्हणजे उघड्यावर बसून बदलता उजेड रंगांत पकडणारे ते फ्रेंच लोक) जाडजूड पुस्तक मी सध्या दुपारी वाचतो. मोनेला पन्नास पानं, रेन्वारला चाळीस. मधे एक गृहस्थ भेटले, आर्माँ गियोमँ. त्यांना दीड पान. पण त्यात लिहिलं होतं की हा माणूस रात्री पॅरिसच्या पूल-रस्ते खात्यात काम करायचा. म्हणजे माझ्यासारखाच सरकारी खातेवाला निघाला की! मग काय, चष्मा लावून दोन आठवडे मोबाइलवर संग्रहालयांची पानं धुंडाळत बसलो.

जन्म १८४१ चा, पॅरिसचा. बालपण मुलँ गावात गेलं. सोळाव्या वर्षी पुन्हा पॅरिसला आला, तो नातेवाइकाच्या कापडचोपडाच्या दुकानात कामाला. संध्याकाळी चित्रकलेचा वर्ग. १८६० मध्ये रेल्वे कंपनीत चिकटला. फावल्या वेळात आकादेमी सुइस नावाच्या ठिकाणी जायचा. तिथे ना परीक्षा ना मास्तर, थोडे पैसे भरायचे आणि समोर बसलेल्या मॉडेलवरून रेखाटायचं. तिथे त्याला पिसारो आणि सेझान हे पुढे नावाजलेले चित्रकार भेटले आणि मैत्री जन्मभराची झाली.

आता तुझ्या मुद्द्याचं. त्यानेही एकदा नोकरी सोडली होती. रेल्वेला रामराम ठोकून बघितला. पोटासाठी पिसारोबरोबर खिडक्यांचे पडदे रंगवले. पडदे रंगवणाऱ्या पिसारोचं त्याने काढलेलं चित्रही आहे. निभलं नाही, म्हणून पुन्हा नोकरी धरली, ती ही रात्रीची. रात्री खणण्या-बांधण्याचं खातं आणि दिवसा चित्रं. स्वतः कर्जात बुडालेल्या पिसारोने एका पत्रात याच्या धाडसाचं कौतुक केलंय. १८७४ च्या पहिल्या इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनात याची तीन चित्रं होती, आणि एकूण आठ प्रदर्शनांपैकी सहांत हा होता.

त्या काळातलं एक चित्र बघ, 'इव्रीचा सूर्यास्त'. १८७३ च्या सुमाराचं, पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. सेन नदी, भगवं-पिवळं आकाश, आणि क्षितिजावर कारखान्यांची धुराडी. धूर असा आडवा पसरलाय की सूर्यास्ताचाच एक रंग वाटावा. ते चित्र मी किती वेळा मोठं करून बघितलं असेल. बाकीचे नावाडी, बागा, छत्र्या घेतलेल्या बायका रंगवत होते (तेही करायचे, पण अधूनमधून). हा मात्र धक्के, तराफे, माल उतरवणारी माणसं आणि घोडागाड्या रंगवत होता, कामावर जाता-येता रोज दिसणारं सगळं. बेर्सीच्या काठाचं त्याचं एक चित्र सेझानने चक्क समोर ठेवून नकललं. ती नक्कल हँबुर्गला आहे. सेझानसारख्या माणसाने कुणाची नक्कल करावी, यात काय ते आलं.

पण मी तुला एकच बाजू सांगितली तर ती लबाडी होईल. याचा जवळचा मित्र गोगँ. शेअरबाजारात चांगला कमावता, गियोमँची चित्रं विकत घेणारा. त्याने १८८३ च्या आसपास ते काम सोडून फक्त चित्रं धरली. पाच मुलं, बायको डेन्मार्कला माहेरी, संसाराची धूळधाण. आज गोगँचं नाव शाळेतल्या पोरालाही माहीत आहे आणि गियोमँला दीड पान. म्हणजे बघ, यातून तुला जे हवं ते तू काढू शकतेस, आणि मलाही.

गियोमँने स्वतः काय केलं? नोकरीतच राहिला. चाळिशी उलटल्यावर नात्यातल्या एका शिक्षिकेशी लग्न केलं. आणि १८९१ मध्ये, पन्नासाव्या वर्षी, त्याला लॉटरी लागली. एक लाख फ्रँक! खरंच लागली, मी तीन ठिकाणी तपासलं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, मराठी सिनेमा बघून आलास का. त्याने नोकरी सोडली आणि हवं तिथे फिरायला मोकळा झाला. भूमध्य समुद्राकाठचं 'आगे' नावाचं गाव, आणि मुख्य म्हणजे क्रोझाँ. क्रोझ आणि सेदेल या दोन नद्यांच्या संगमावर पडक्या किल्ल्याचं गाव. तिथे तीसेक वर्षं तो येत राहिला. जांभळे डोंगर, नारिंगी झाडं, सकाळचं पांढरं हिम. रंग असे भडक की पुढच्या पिढीतले चित्रकारही दचकावेत.

तज्ज्ञ काय म्हणतात ते म्हणोत, मला ती चित्रं थोडी कमी आवडतात. सुंदर आहेत. पण इव्रीच्या धुरात जे आहे ते त्यांत मला सापडत नाही. मला चित्रातलं फारसं कळत नाही हे तू म्हणणारच. तरी विचारतो: तू हल्ली फोटो बघून सह्याद्रीतले धबधबे काढतेस. पहाटे साडेपाचला कंपनीची कॅब तुला हिंजवडीहून सोडते तेव्हा बाहेर काय दिसतं, ते कधी काढलंयस? पाण्याचे टँकर, अर्धवट इमारतींवरच्या क्रेन, मुळा नदीवरचं ते करडं धुकं. मागे फोनवर तूच मला सांगत होतीस.

आणखी एक. क्रोझाँच्या खाली एगुझाँला धरण बांधलं गेलं. ते १९२६ मध्ये सुरू झालं. गियोमँने तीस वर्षं रंगवलेली, खडकांवरून धावणारी नदी किल्ल्याच्या पायथ्याशी तलाव होऊन थांबली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मोने गेला आणि पुढच्या जूनमध्ये हा, शहाऐंशी वर्षांचा. त्या टोळीतला शेवटचा तोच.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. पाटबंधाऱ्यात ट्रेसर म्हणून लागलो तेव्हा माझं पहिलं काम बुडिताची रेषा काढण्याचं होतं. ट्रेसिंग पेपरवर निळ्या शाईने समपातळीची एक वळणावळणाची रेषा ओढायची. रेषेच्या आत आलं ते पाण्यात. देऊळ म्हणजे एवढासा त्रिकोण, विहीर म्हणजे गोल. रेषा माझी सुबक यायची, साहेब कौतुक करायचे. त्यातल्या एकाही गावाचं चित्र मी काढलं नाही. गावं तेव्हा तिथेच होती, माझ्या हातात पेन होतं आणि सुट्टीचे रविवारही होते.

तर असं आहे. सोड किंवा सोडू नकोस, हे मी लिहिणार नाही. घरभाडं सहा महिने पुरेल एवढे साठलेत का, तेवढं आईला कळव, म्हणजे तिला झोप लागेल. आणि राजीनामा लिहिलाच असशील तर पाठवण्याआधी मला दाखव. चौतीस वर्षं सरकारी खात्यात काढलीत, अर्जाचा मसुदा मला तुझ्यापेक्षा बरा जमतो.

तुझा,
बाबा