भाडं 8,000 आणि नोंदणी फी 1,000, महसूलमंत्री साहेब जरा बघा

मा. महसूलमंत्री साहेब, नमस्कार.

मी कोल्हापूरचा. राजारामपुरीच्या मागच्या अंगाला एक वन बीएचके घेतलाय, राहायला नाही, भाड्यानं द्यायला. 20 लाखाचं कर्ज, साडेआठ टक्के, 20 वर्षं, हप्ता बसतोय 17,350 च्या आसपास आणि भाडं येतंय 8,000, बाकीचे पगारातनं. लोकांना वाटतं घरमालक म्हणजे गब्बर, हितं 5 तारीख आली की माझी झोप उडते. व्याजाचं, इन्कम टॅक्सचं रडगाणं दिल्लीवाल्यांपुढं गाईन, तुमच्याशी बोलायचंय ते भाडेकराराच्या नोंदणीचं.

हिशोब बघा. 11 महिन्याचं भाडं 88,000, डिपॉझिट 30,000, त्याच्यावर वर्षाला 10 टक्क्यानं व्याज धरायचं आणि सगळ्या रकमेवर पाव टक्का स्टॅम्प ड्युटी, म्हणजे सव्वादोनशे रुपये. ह्याला आपली ना नाही, ज्याचं भाडं जास्त त्यानं जास्त भरावं. पण नोंदणी फी? शहरात सरसकट 1,000! मुंबईत लाखभर भाड्याचा फ्लॅट असूदे नाहीतर माझा 8,000 चा, फी तेवढीच. हे कुठलं गणित ओ? वर एजंट थंब मशीन घेऊन येतो त्याचे वेगळे.

तुम्ही म्हणाल, तीन वर्षाचा करार कर. केला असता की, पण माझे भाडेकरू म्हणजे विद्यापीठातली पोरं, परीक्षा झाली की चालली गावाकडं, दर जूनला नवा करार, नवे 1,000.

मग लोक काय करतात, नोटरी करून मोकळे. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम 55 आहे, नोंदणी मालकानंच करायची, नाही केली तर 3 महिन्यापर्यंत कैद नाहीतर 5,000 पर्यंत दंड, आणि भांडण झालं तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या, मालकानं उलटं सिद्ध करेपर्यंत. मला हे कळलं कधी, तर एका पोरानं चार महिन्याचं भाडं बुडवल्यावर. वकिलानं माझा नोटरीचा कागद बघितला आणि नुसता हसला. तवापासनं गुमान नोंदणी करतोय.

एवढंच करा, फी भाड्याच्या हिशोबानं लावा, 10,000 च्या आतल्याला 200 बास. आज नोटरीवर भागवणारे बरेच जण येतील की लाईनीत. जूनच्या आत जमलं तर लय बरं, गडहिंग्लजची दोन पोरं टोकन देऊन गेल्यात.

आपला,
एक हप्तेवाला घरमालक, कोल्हापूर