शाळा विकास आराखड्यात ग्रंथालयाला एक पान हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला आमच्या भागातल्या एका शाळेने मला पाहुणी म्हणून बोलावले होते. व्हरांड्यात पुस्तके मांडली होती, मुले ओळीने वाचत बसली होती, फोटो निघाले. जाता जाता मी एक पुस्तक उघडले. मागच्या तारीखचिठ्ठीवर शेवटचा शिक्का 2011 सालचा! शेजारी सहावीतली एक मुलगी उभी होती. तिने विचारले, "बाई, हे घरी नेता येतं का?" तोवर शिपाईमामा गठ्ठे उचलून कपाटात घालू लागले होते.

मी 26 वर्षे एका अनुदानित माध्यमिक शाळेत ग्रंथपाल होते, त्यातली निम्मी अर्धवेळ. पैसे नसतात म्हणून ग्रंथालये चालत नाहीत, हे मला पूर्ण पटत नाही. समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांना इयत्तांनुसार वर्षाला 5 ते 20 हजार रुपये ग्रंथालयासाठी मिळतात. पण खरेदी मार्चअखेरीस घाईत होते, पुरवठादार देईल तो संच येतो आणि दुसरीच्या मुलांपुढे स्पर्धा परीक्षेची पुस्तके पडतात. पुढच्या तीन वर्षांत कोणत्या वर्गाला काय लागेल, हे कोणी लिहून ठेवलेलेच नसते.

आमच्या शाळेत 2008 च्या उन्हाळ्यात तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी आणि मी पाच वर्षांचे नियोजन केले. पहिले तीन आठवडे नुसती मोजदाद. दाखल नोंदवहीतला, म्हणजे आलेले प्रत्येक पुस्तक जिथे नोंदतात त्या वहीतला क्रमांक वाचायचा आणि पुस्तक कपाटात शोधायचे. कसर लागलेली, पाने सुटलेली, अभ्यासक्रम बदलल्यामुळे निरुपयोगी झालेली पुस्तके इतकी निघाली की, चांगली पुस्तके त्यांच्यामागे दडून गेली होती. नोंदीतून पुस्तक कमी केले तर ऑडिटमध्ये विचारतील, ही धास्ती प्रत्येक शाळेत असते. ठराव करून, यादी जोडून निर्लेखन, म्हणजे बाद पुस्तके नोंदीतून कमी करणे, रीतसर करता येते. आम्ही ते केले आणि दोन कपाटे मोकळी झाली.

मग दाराशी सुतळीने एक मागणी वही बांधली. हवे असलेले पुस्तक मिळाले नाही की मुलांनी त्यात लिहायचे. साप, क्रिकेट, भुताच्या गोष्टी. एका मुलाने लिहिले होते, "शेळी आजारी पडली तर काय करायचे". दुसऱ्या वर्षीची खरेदी मी त्या वहीवरून केली. पाचवी-सहावीसाठी मोठ्या अक्षरांची, कमी पानांची पुस्तके घेतली आणि वेळापत्रकात प्रत्येक तुकडीला आठवड्याचा एक तास मागून घेतला. त्याआधी शिक्षक रजेवर असले की मुलांना ग्रंथालयात पाठवत, तेवढाच काय तो आमचा तास.

चौथ्या वर्षी मुख्याध्यापक निवृत्त झाले. नियोजन होते माझ्या टेबलाच्या खणातल्या वहीत. नव्या मुख्याध्यापकांच्या दृष्टीने ते एका ग्रंथपालाचे टिपण होते. आमची खोली परीक्षेच्या साहित्याला गेली आणि वर्गांचे तासही गेले.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, ग्रंथालयाचे नियोजन शाळा विकास आराखड्यात लिहिले जावे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 22 नुसार शाळा व्यवस्थापन समितीला हा आराखडा करायचा असतो, आणि त्याच कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावे असे म्हटले आहे. मी पाहिलेल्या आराखड्यांत कुंपण, रंगरंगोटी, स्वच्छतागृहे होती. तीही हवीतच. पण मोजदाद कधी करणार, कोणत्या वर्गासाठी काय घेणार, देवघेव कोण सांभाळणार, याचे एक पान त्याला जोडायला काय हरकत आहे? जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत ग्रंथपालाचे पदच नसते, त्यामुळे शेवटचा प्रश्न तिथे सगळ्यांत आधी सुटायला हवा. सातवीची मुले देवघेव वही नीट सांभाळतात, हे मी दोन शाळांत स्वतः पाहिले आहे. त्यांच्या हाती कपाटाची किल्ली देणारे शिक्षक मात्र हवेत. पुस्तक हरवले तर भरून कोण देणार, ही भीती त्यांना असते. वर्षाला काही पुस्तके हरवणार, हेही त्या पानावर आधीच लिहून मंजूर करून घ्यावे.

या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांनी पुढच्या बैठकीत त्या सहावीतल्या मुलीचा प्रश्न विचारावा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शालेय ग्रंथपाल, जि. सातारा