मेंढीचा चेहरा वाचताना

महोदय,
केंब्रिज विद्यापीठातील संगणकतज्ज्ञांनी २०१७ मध्ये मेंढीच्या फोटोवरून तिची वेदना ओळखणारी प्रणाली मांडली. डोळे बारीक होतात, गाल ताणले जातात, कान पुढे दुमडतात, नाकपुड्यांचा ‘यू’ जाऊन ‘व्ही’ होतो, हे ती टिपते. खूर सडून मेंढी लंगडेपर्यंत थांबणाऱ्या आपल्याला याचा उपयोगच आहे. पण आपल्या दख्खनी, माडग्याळ मेंढ्यांचे कान मुळातच लोंबते! विलायती चेहऱ्यांवर शिकलेला कॅमेरा त्यांना भलतेच ठरवायचा. पशुवैद्यक महाविद्यालयांनी इथल्या कळपांचे फोटो जमवावेत आणि दुखरा चेहरा कोणता हे ठरवताना धनगरांना शेजारी बसवावे. नोकरीत असताना मी थर्मामीटर काढेपर्यंत म्हातारा मेंढका लांबूनच म्हणायचा, “सायेब, ती पांढऱ्या कपाळाची बघा आधी, डोळं बारीक केल्यात तिनं.”

– एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, फलटण