जवाहरनगरच्या काकांना, बारूद निवडायला शिकवल्याबद्दल

काका, नमस्कार.

फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही, "जेवला का बाबू" म्हणता आणि विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहून राहिलो. अजून एक कारण आहे. आपल्याकडचे बरेच पोट्टे आता अमेरिकेत आहेत, त्यातले काही नेमबाजीच्या रेंजवर जातात, रायफल घेतात, मग हळूहळू घरीच काडतूस भरायचा, म्हणजे रिकाम्या काडतुसात बारूद घालून पुढे गोळी बसवायच्या रीलोडिंगचा नाद लागतो. त्यांना समजावणारं कोणी भेटलं नसेल तर निदान हे तरी वाचतील.

जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी, काका आमच्या शेजारचे, भंडाऱ्याजवळ जवाहरनगरची जी आयुध निर्माणी आहे तिथून रिटायर झालेले. गोळीला आणि तोफगोळ्याला ढकलणारी जी बारूद असते, प्रोपेलंट म्हणतात ते, त्याचा हा कारखाना. काकांची सगळी नोकरी त्यातच गेली, आता धानाची शेती पाहतात. मी टेक्सासला नोकरीला आहे, तिथे स्वतःपुरते काडतूस घरी भरायला वेगळं लायसन लागत नाही, दुकानात बारूदीचे डबे रॅकवर मांडून ठेवलेले असतात. त्या रॅकसमोर नवीन माणूस उभा राहिला की त्याचं डोकंच चालत नाही. व्हारगेट, ४०६४, ४८९५, ४३५०, एच३३५, एकासारखे एक डबे, आणि प्रत्येकावर नुसतं नाव नाहीतर नंबर.

म्हणून सुट्टीत घरी आलो तेव्हा तुम्हाला सरळ विचारलं की काका, थ्री-ओ-एट (.३०८, हे काडतुसाचं माप) रायफलसाठी कोणती घेऊ. पहिले आभार याचेच, की तुम्ही नाव सांगितलं नाही. उलट मलाच विचारत बसला. "आधी सांग, तुही गोळी किती वजनाची? नळी किती लांब? तुह्या पुस्तकात त्या गोळीपुढं कोनकोनत्या बारुदी लिवल्या हायेत? हे माहीत नसन तं दुकानात जाऊच नको." आणि सुरुवातीलाच हेही सांगून टाकलं की कारखान्यातलं एक अक्षर मी बोलणार नाही, जे छापील पुस्तकात, म्हणजे रीलोडिंगच्या मॅन्युअलमध्ये आहे तेवढंच समजावतो. काका, तेव्हाच ठरवलं की या माणसाचं नीट ऐकायचं.

मग ओसरीवर बसून तुम्ही जे सांगितलं ते मला आजपर्यंत कोणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. बारूद फुटत नाही, जळते. फक्त किती लवकर जळते त्यात फरक. चुलीत तणस टाकलं तर भसकन जळून मोकळं होते आणि बाभळीचा ओंडका पहाटेपर्यंत पुरते, तसंच हे. पिस्तुलाची नळी छोटी, काडतूस छोटं, तिथे लवकर जळणारी लागते. रायफलची गोळी लांब नळीतून जाते, तिच्या मागे दाब शेवटपर्यंत टिकला पाहिजे, म्हणून सावकाश जळणारी. गोळी जड झाली किंवा काडतुसाचं पोट मोठं आणि तोंड बारीक असलं तर साधारण अजून सावकाशची. आणि पिस्तुलाची लवकर जळणारी बारूद चुकून रायफलच्या काडतुसात भरली तर गोळी जागची हलायच्या आत दाब एवढा चढते की रायफलच फाटते, आणि ते सगळं माणसाच्या तोंडाजवळ. थ्री-ओ-एटला नेहमीच्या दाबाचीच कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय (दाब मोजायचं एकक) आहे, कारच्या टायरमध्ये ३०-३५ असते, एवढं सांगितलं की कोणीही सरळ बसते.

ते रिफिलचं तर मी इथे पण सगळ्यांना करून दाखवतो. तुम्ही पेनातली संपलेली रिफिल काढली, धुतली, ब्लेडने तिचे बारीक बारीक तुकडे केले आणि एक तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाले, हा बारुदीचा एक दाना समज. बाहेरून जळत जाते तसा तो बारीक होते, म्हणजे जळणारी जागा कमी होते, पन आतून भोक जळत जाते तसं ते मोठं होते, म्हणजे तिकडं जागा वाढते. हे कमी ते जास्त, म्हणून दाब एकदम चढत नाई आन एकदम पडतही नाई. मी तो तुकडा चष्मा वर करून पाहत बसलो. टेक्सासला परत आल्यावर पहिला डबा उघडला आणि चिमूटभर पांढऱ्या कागदावर टाकून पाहिली, तर काळपट करडे, चमकणारे, रिफिलच्या तुकड्यासारखेच दाणे, भिंगातून भोकही दिसते. पावडर म्हणतात पण पिठासारखं काहीच नाही.

आणि कापूस! मला हे खरंच माहीत नव्हतं की या धूर न करणाऱ्या बारुदीचं मूळ कापसात आहे, सरकीला चिकटून राहणारी ती आखूड रुई घेतात, ॲसिडची प्रक्रिया करतात, नायट्रोसेल्युलोज होते. १८४६ मध्ये शोनबाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ते जगाला दाखवलं पण ते भलतंच लवकर जळायचं, १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएलने त्याला लगद्यासारखं करून, दाण्यांच्या आकारात आणून काबूत आणलं, तेव्हा कुठे ते रायफलमध्ये वापरण्यासारखं झालं. नुसतं नायट्रोसेल्युलोज असलं तर सिंगल बेस, सोबत नायट्रोग्लिसरीन असलं तर डबल बेस. यवतमाळ-अमरावतीत जिनिंगच्या गाड्या पाहत मोठा झालेला माणूस मी, मला हे ऐकून काय वाटलं ते तुम्हीच पाहिलं होतं.

नंबराचा विषय मात्र सगळ्यात महत्त्वाचा, आणि नवीन पोट्ट्यांनो हे दोनदा वाचा. आयएमआर आणि एच म्हणजे हॉजडन हे बारुदीचे दोन ब्रँड. आयएमआर ४८९५ वेगळी, एच ४८९५ वेगळी. नंबर एक, डबे वेगळे, जळण्याचा वेग वेगळा, पुस्तकातलं वजनही वेगळं. ४८३१ चं तेच, ४३५० चं तेच. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या ब्रूस हॉजडनने सैन्याची उरलेली ४८९५ बारूद घेऊन हौशी लोकांना विकायला सुरुवात केली, तिथून एचवाली नावं आली, आता दोन्ही ब्रँड एकच कंपनी विकते तरी एकीचा आकडा दुसरीला लावायचा नाही. काका तुम्ही म्हणाला होता, "आकडा पाहू नको, पूर्न नाव वाच, बोट ठेवून वाच." मी अजूनही बोट ठेवूनच वाचतो.

वजनाचं पण तुम्ही आपल्या भाषेत आणून दिलं. पुस्तकात सगळं ग्रेनमध्ये असते आणि माझ्या डोक्यात ग्रेन बसतच नव्हतं. तुम्ही म्हणाले एक तोळा म्हणजे १८० ग्रेन, पण तो जुना ११.६६ ग्रॅमचा तोळा, आता सोनार १० ग्रॅमला तोळा म्हणते तो नाही. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. मग कळलं की आपण किती बारीक कामात हात घालून राहिलो, इथे अर्ध्या ग्रेनने फरक पडते. म्हणून काटा रोज चेकवेटने, म्हणजे पक्क्या माहीत असलेल्या वजनाने तपासायचा, पंखा बंद करायचा कारण हवेने काटा हलते, आणि टेबलावर एका वेळी एकच बारुदीचा डबा. दुसरा डबा कपाटात. काम झालं की उरलेली ज्या डब्यातून काढली त्याच डब्यात. यातलं एकही मला टेक्सासमध्ये कोणी सांगितलं नव्हतं असं नाही, पण काहून ते कोणी सांगितलं नव्हतं.

मग निवड कशी केली ते सांगतो. माझी गोळी १६८ ग्रेनची, पुस्तकात तिच्यापुढे बऱ्याच बारुदी होत्या. तुम्ही तीन गोष्टी पाहायला लावल्या. पहिली, काडतूस जवळपास भरलं पाहिजे, म्हणजे चुकून दोनदा पडली तर बाहेर सांडेल आणि डोळ्याला दिसेल, अर्धं रिकामं राहणारी बारूद नवशिक्याने घ्यायचीच नाही. मला ही एकच गोष्ट बाकी सगळ्यापेक्षा मोठी वाटते. दुसरी, उन्हाचा फरक. काही बारुदी उन्हात तापल्या की दाब जास्त देतात, थंडीत कमी. तुम्ही हसून म्हणाले इथं मे मईन्यात ४५ च्या वर जाते, तुह्या टेक्सासात काही कमी नसन. म्हणून कमी फरक पडणारी पाहिली. तिसरी, बारूद मोजून टाकायच्या मापातून पडते कशी. गोल दाण्याची बॉल पावडर पाण्यासारखी पडते, लांब दाण्याची अडकते, कटकट आवाज करते, पण माझं तर म्हणणं आहे की शिकताना प्रत्येक काडतुसाचं वजनच करा, घाई कशाची आहे. या सगळ्यात माझ्यासाठी व्हारगेट बसली. दुसऱ्याच्या रायफलला, दुसऱ्या गोळीला दुसरी बसेल, माझं पाहून घेऊ नका.

रेंजवरच्या एका भल्या माणसाने मला त्याच्या बारुदीच्या वजनाचा आकडा कागदावर लिहून दिला होता, मनापासून दिला होता, पण तो त्याच्या रायफलचा होता. तुम्ही तो कागद वाचला, घडी करून परत दिला आणि म्हणाले पुस्तकात सुरुवातीचं वजन लिवलं हाय, तिथून चाल. म्हणजे कमाल वजनाच्या साधारण १० टक्के खालून, आणि थोडं थोडं वर, प्रत्येक पायरीला रिकाम्या काडतुसाचं बूड पाहत. प्रायमर, म्हणजे बुडातली बारूद पेटवणारी टोपी, चपटा झाला, रायफलचा बोल्ट (मागची खिट्टी) उचलायला जड गेला, बुडावर चकचकीत खूण आली की थांब. आणि खूण नाही म्हणून सगळं ठीक आहे असंही समजायचं नाही. दिलेल्यापेक्षा खालीही जायचं नाही, कमी भरली म्हणजे सेफ असं काही नसते, सावकाश जळणाऱ्या काही बारुदी फार कमी भरल्या तर उलट धोका. नवीन डबा आणला आणि लॉट नंबर, म्हणजे एका खेपेत बनलेल्या मालाचा नंबर, बदलला तर परत खालून. लॉटचं बोलताना तुमचा आवाज बदलतो काका, माणसाने ज्यात हयात घालवली त्याबद्दल तो असा बोलते.

गावातल्या दोन-तीन पोट्ट्यांनी तेव्हा मध्येच विचारलं होतं की रानडुकरं धान खाऊन राहिले, काका आम्हाले पण दाखवा ना. तुम्ही जसं उत्तर दिलं त्याचेही आभार. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे, लायसनशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, आणि भरमारीत, म्हणजे नळीच्या तोंडातून भरायच्या बंदुकीत, जी काळी बारूद जाते ती वेगळीच चीज, त्या भरमारीत ही आधुनिक बारूद टाकली तर नळी फाटून हात जाईल. डुकरांसाठी ठेवलेले गावठी बॉम्ब चावून गाई-म्हशींचे जबडे फाटतात ते सगळ्यांनी पाहिलं आहे. तुम्ही त्यांना वनविभागाकडे नुकसानभरपाईचा अर्ज कसा करायचा ते सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः सोबत गेले.

२४ जानेवारी २०२५ ला कारखान्यात स्फोट झाला, निदान आठ माणसं गेली. मी इथून फोन लावला तेव्हा तुम्ही बराच वेळ बोललाच नाही. मग एवढंच म्हणाले की बाबू, टेबलावर बसशीन तवा फोन दुसऱ्या खोलीत ठेवत जा. तेव्हापासून ठेवतो.

डबे मी कोरड्या, थंड कपाटात मूळ डब्यातच ठेवतो, गाडीत कधीच नाही, आणि महिन्याला झाकण उघडून वास घेतो. आंबट ॲसिडसारखा वास किंवा लालसर धूर-धूळ दिसली की ती बारूद गेली, वापरायची नाही, हेही तुमचंच. गोळ्या आता छान एका जागी जातात, टार्गेटचा फोटो काकूंच्या फोनवर पाठवला आहे, तुमच्या फोनमध्ये जागा नाही म्हणून.

एक काम होतं. इथला एक आपलाच पोट्टा, वर्ध्याचा, ६.५ क्रीडमूर (हेही काडतुसाचं एक माप) रायफल घेऊन राहिला आणि तोही मला कोणती बारूद घेऊ विचारून राहिला, मी त्याला आधी गोळीचं वजन विचारलं. त्याला तुमच्याशी बोलायचं आहे. रविवारी तुमच्या सकाळी आठ वाजता लावू का फोन? दिवाळीला येतो तेव्हा लायमन कंपनीचं रीलोडिंगचं मॅन्युअल घेऊन येतो, तुम्हाला ते पूर्ण वाचायचं होतं. चष्म्याचा नंबर काकूंना विचारून कळवा, इथून मोठं भिंगही आणतो. धान विकलं का तेही सांगा.

तुमच्या शेजारचा,
टेक्सासवाला