रजेच्या अर्जातला 'कारण' हा रकाना काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात नोकरीच्या जाहिराती येतात त्या मी न चुकता बघतो, सवय आहे. त्यात 'वॉक-इन इंटरव्ह्यू' ठळक अक्षरात, खाली मंगळवार-बुधवार, सकाळी १० ते ४, आणि त्याच्याही खाली 'अनुभवी उमेदवारांना प्राधान्य'. आता अनुभवी म्हणजे जो आत्ता कुठेतरी कामाला आहे तोच ना, आणि कामाला असलेला माणूस मंगळवारी सकाळी १० वाजता मशीनवर असतो. मग तो येणार कसा? खोटं बोलूनच येणार.

मी अंबड एमआयडीसीत एका कंपनीत शिफ्ट सुपरवायझर आहे. पोरांचे रजेचे अर्ज आधी माझ्याकडे येतात आणि मग वर जातात. छापील फॉर्म आहे, नाव, टोकन नंबर, किती दिवस, आणि मग 'रजेचे कारण' म्हणून एक लांब रकाना. त्या रकान्यात मी काय काय वाचलंय म्हणून सांगू. ताप, जुलाब, मुलाची शाळा, बहिणीला बघायला पाहुणे येणार, बँकेचं काम. आणि नाशिकचा खास हुकमी एक्का म्हणजे 'रामकुंडावर दहावा आहे'. कुठल्या कुठल्या गावची माणसं दशक्रियेला इथं येतात त्यामुळे कोणाचाही कोणीही लांबचा काका निघू शकतो, आणि दहाव्याला जाऊ नको असं म्हणायची हिंमत कुठल्याच मॅनेजरची होत नाही. पोरं हुशार आहेत.

पण कळतं हो. आदल्या दिवशी दाढी केलेली असते, शिफ्ट सुटल्यावर पार्किंगमध्ये उभं राहून फोनवर हळू आवाजात 'हो सर, सीटीसी (वर्षाचं एकूण पॅकेज) एवढा आहे सर' चाललेलं असतं, डब्याच्या पिशवीत डब्याऐवजी प्लास्टिकची फाइल असते आणि ती वाकू नये म्हणून पोरगं पिशवी छातीशी धरून चालतं. मी काही बोलत नाही. बारा-पंधरा हजारावर सहा-सात वर्षं काढलेल्या माणसाला दोन पैसे जास्त मिळत असतील तर त्यानं बघू नये का?

काही जण म्हणतील की हक्काची रजा आहे, टाकायची आणि जायचं, एवढं काय. तर ते कसं आहे बघा. कारखाने अधिनियम १९४८ मध्ये कॅज्युअल रजा हा प्रकारच नव्हता, ती देणं न देणं कंपनीवर, युनियनच्या करारावर वगैरे. कायद्यात होती ती फक्त पगारी वार्षिक रजा, आधीच्या वर्षी २४० दिवस भरले तर दर २० दिवसाला एक, आणि तीसुद्धा १५ दिवस आधी अर्ज करून, वर्षात तीनदाच. इंटरव्ह्यूचा फोन काय १५ दिवस आधी येतो का? संध्याकाळी ६ ला येतो आणि परवा या म्हणतात. आणि गंमत म्हणजे त्याच कायद्याच्या कलम ७९ मध्ये आधी अर्ज करायची अट एकाच कारणासाठी सोडलेली होती, आजारपण. म्हणजे आजारी पडलात तर आयत्या वेळी रजा, बाकी कशाला नाही. मग पोरं आजारी नाही पडणार तर काय करणार? आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता आल्यात, त्यात २४० चे १८० दिवस झाले हे चांगलंच झालं, पण शॉपवरची सवय अशी कायदा बदलून लगेच जात नाही. ऑफिस-दुकानातल्यांचं त्या मानाने बरं आहे, महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात वीस किंवा जास्त (२०२५ च्या बदलाआधी दहा) माणसं असलेल्या आस्थापनेत वर्षाला ८ कॅज्युअल रजा दिल्यात. आणि आयटीवाल्यांचं तर विचारूच नका, गाडीत बसून एसी लावून व्हिडिओ कॉलवर इंटरव्ह्यू देतात आणि परत डेस्कवर. सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या ऑपरेटरला ड्रॉइंग वाचून पार्ट बनवून दाखवायला लागतो, तो कसा दाखवणार मोबाइलवर.

त्यात इंटरव्ह्यू चाकणला असला की मग झालंच. पहाटे निघायचं, सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, मंचर करत जायचं, पुढे चाकणचं ट्रॅफिक, तिथं गेटवर नाव लिहून बसायचं आणि दुपारी ३ ला कोणीतरी बाहेर येऊन सांगणार की आज साहेब मीटिंगमध्ये आहेत, कळवतो. कॉन्ट्रॅक्टवरच्या पोराचा त्या दिवसाचा पगार गेला, महिन्याचा हजेरी बोनस गेला, तिकिटाचे गेले ते वेगळेच. बरं, शिफ्ट बदलून घ्यावी तर ज्याच्याशी बदलली त्याला सांगावं लागतं, आणि त्याला सांगितलं की संध्याकाळपर्यंत कॅन्टीनला माहीत.

मालकाची बाजू मला कळत नाही असं नाही. बारा-पंधरा माणसांचं छोटं वर्कशॉप असेल आणि एक ऑपरेटर नाही आला तर मशीन बंद, डिस्पॅच अडकतो, मोठ्या कंपनीचा परचेसवाला फोनवर फोन करतो. पण म्हणूनच तर मी म्हणतो की कारण विचारू नका! कारण विचारलं की माणूस शेवटपर्यंत गप्प बसतो आणि सकाळी पावणेसातला व्हॉट्सअॅपवर टाकतो, 'सर तब्येत ठीक नाही'. तेव्हा मी रिलिव्हर, म्हणजे बदली माणूस, आणू कुठून? तेच त्याला माहीत असेल की हा सुपरवायझर फक्त तारीख विचारतो, बाकी काही नाही, तर तो फोन आल्या आल्या संध्याकाळीच सांगेल, आणि मला माणूस लावायला अख्खा एक दिवस मिळेल. माझ्या शिफ्टला मी हे तोंडी सुरू केलंय, रकान्यात 'वैयक्तिक' लिहा म्हणून सांगतो. तेव्हापासून पावणेसातचे मेसेज कमी झालेत, म्हणजे बंद नाही झाले, खरा तापही येतोच की लोकांना. वरून मला विचारणा झाली की 'वैयक्तिक म्हणजे काय?' मी म्हटलं, म्हणजे वैयक्तिक.

ज्याला कंपनीनेच नोटीस दिलीय त्याचं तर आणखी वाईट. जर्मनीत त्यांच्या नागरी संहितेतच कलम आहे, ६२९, की नोटीस मिळालेल्या माणसानं मागितलं तर नवीन काम शोधायला पुरेसा वेळ द्यायलाच लागतो. इंग्लंडमध्येही १९९६ च्या कायद्याने, काम कमी झालं म्हणून काढत असतील आणि माणसाची दोन वर्षं नोकरी झाली असेल, तर कामाच्या वेळात नोकरी शोधायला सुट्टी मिळते. आपल्याकडे नोटिशीत असलेल्या माणसाला शेवटच्या दिवसापर्यंत हजेरी पूर्ण भर, नाहीतर फुल अँड फायनल (शेवटचा हिशोब) अडकेल म्हणून सांगतात, आणि तो बिचारा भरतो.

आणि बोलावणाऱ्या कंपन्यांनीही थोडं बघावं. आमच्या कंपनीला शनिवारी सुट्टी असते, तशी ती इथं आणखीही बऱ्याच जणांना आहे, मग शनिवारी ठेवा ना इंटरव्ह्यू, नाहीतर फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर संध्याकाळी ५ नंतर ठेवा. पहिली विचारपूस फोनवर होऊ शकते, पगार पटत नसेल तर तिथंच कळेल, त्यासाठी माणसाला चाकणपर्यंत कशाला पळवायचं. आणि कृपा करून ऑफर लेटर देण्याआधी त्याच्या आत्ताच्या कंपनीत फोन करून 'कसा आहे हो हा?' असं विचारू नका. नाशिकची इंडस्ट्री एवढीशी, सातपूरचा एचआर अंबडच्या एचआरला ओळखतो, अंबडचा सिन्नरच्याला. नवी नोकरी मिळाली नाही आणि जुन्या जागी डोळ्यात आला, असं झालेलं मी बघितलंय, पुढचं त्याचं इन्क्रिमेंट कोणी विचारूच नका.

तुमच्या जाहिरात विभागाला एक सुचवता येईल का बघा, वॉक-इनची जाहिरात घेताना फक्त एवढं विचारायचं की शनिवारी किंवा संध्याकाळी ५ नंतर येता येईल का, आणि हो म्हणाले तर तशी एक ओळ जाहिरातीत छापायची. जागा काही फार लागणार नाही.

कळावे,
आपला एक वाचक, नाशिक

ता. क. पत्र छापलंत तर नाव छापू नका, गावाचं नाव पुरे. आमच्या एचआरच्या टेबलावर तुमचाच पेपर असतो.